गौरवाची वही लिहिताना

आमच्या कुटुंबात दर वर्षी एका नातेवाइकाचा गौरव होतो, आणि तो इतरांसाठी केलेल्या सेवेचा असतो. त्यात पदक नसते, रोख रक्कम नसते, चषकही नसतो. ज्याचा गौरव व्हायचा त्याने नेमके काय केले, किती काळ केले, कोणासाठी केले आणि त्यामुळे त्या माणसांना काय करता आले, हे पारखून लिहिलेले काही पानांचे निवेदन सगळ्या नातेवाइकांसमोर वाचले जाते आणि मग एका जाड बांधणीच्या वहीत उतरवले जाते. तिला आम्ही ‘गौरवाची वही’ म्हणतो. या वर्षी ते निवेदन तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. इतकी वर्षे मी ही निवेदने समोर बसून ऐकत होते. त्यामागे किती विचारपूस, किती परवानग्या आणि किती खाडाखोड असते, हे प्रत्यक्ष काम हाती घेतल्यावर कळले. आपल्याही घरात असे काही सुरू करावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी तो सगळा अनुभव क्रमाने लिहिते आहे.

ही प्रथा माझ्या आजोबांनी सुरू केली. त्यामागचे कारण सांगताना ते हेन्री द्युनां या स्विस गृहस्थांची हकिगत सांगत असत. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. त्या सुमारास द्युनां व्यवसायाच्या कामासाठी तिथे गेले होते आणि जवळच्या कास्तिल्योने गावात हजारो जखमी सैनिक उपचारांवाचून पडलेले त्यांनी पाहिले. गावातल्या बायकांना हाताशी धरून त्यांनी शुश्रूषा सुरू केली, आणि त्या बायकांनी कोण आपला, कोण शत्रूचा हे पाहिले नाही. द्युनां परतले आणि पाहिलेले सगळे त्यांनी लिहून काढले. १८६२ मध्ये ते छापले गेले, त्यातून १८६३ मध्ये जिनिव्हात रेडक्रॉसची समिती उभी राहिली आणि १८६४ मध्ये युद्धातल्या जखमींच्या संरक्षणाचा पहिला जिनिव्हा करार झाला. पुढे द्युनां कर्जबाजारी झाले, विस्मरणात गेले आणि हायडेन या गावातल्या रुग्णालयात राहू लागले. १८९५ मध्ये एका पत्रकाराने त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला त्यांची पुन्हा आठवण झाली आणि १९०१ चे पहिले नोबेल शांतता पारितोषिक त्यांना फ्रेदेरिक पासी यांच्यासमवेत मिळाले.

आजोबा या हकिगतीतून दोन गोष्टी पुढे ठेवत. द्युनां यांनी लिहून ठेवले नसते, तर कास्तिल्योनेच्या त्या बायकांनी काय केले हे कोणाला कळले नसते. आणि द्युनां यांच्याविषयी कोणी वेळेवर लिहिले असते, तर इतकी वर्षे ते एकाकी पडले नसते. म्हणून आमच्या प्रथेचा पहिला नियम असा की सेवेची नोंद माणूस हयात असताना व्हावी, म्हणजे त्याला ती ऐकता येईल आणि काही चुकले असेल तर सुधारताही येईल. नोबेल पारितोषिकाच्या नियमांतही १९७४ पासून मरणोत्तर पारितोषिक न देण्याचे ठरलेले आहे, फक्त घोषणेनंतर मृत्यू झाला तर ते दिले जाते. त्यांची कारणे वेगळी असतील. आमचे कारण एवढेच, की नोंद खरी आहे की नाही हे सांगणारा सर्वांत जवळचा साक्षीदार ते काम करणारा माणूसच असतो.

बाकीचे नियम वहीच्या पहिल्या पानावर आजोबांच्या अक्षरात आहेत. निवेदनात गुणवर्णन नको, कृती हवी. ज्यांची सेवा झाली त्यांच्यापैकी निदान काहींचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत हवे. त्यांची नावे मात्र नकोत, कारण मदत घेतल्याची गोष्ट चारचौघांत सांगायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. देणगीचे आकडे नकोत. आणि वाचनापूर्वी मसुदा त्या व्यक्तीला दाखवलाच पाहिजे. मला या नियमांमध्ये गुणवर्णन टाळण्याचा नियम सर्वांत कठीण वाटतो आणि त्याचे मोल वहीच्या जुन्या नोंदी वाचल्यावरच कळते. माझ्या एका मामांची नोंद रक्तदानाविषयी आहे. त्यात ‘दानशूर’ हा शब्द कुठेही नाही. प्लेटलेट्स जेमतेम पाच-सात दिवस टिकतात आणि त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही, म्हणून रक्तपेढीतून निरोप आला की मामा हातातले काम ठेवून निघत आणि दीड-दोन तास यंत्राला जोडलेली नळी हातात घेऊन बसत, असे तिथे लिहिले आहे. ज्या दिवशी प्रकृतीमुळे डॉक्टरांनी त्यांना परत पाठवले, त्या दिवशी त्यांनी फोन करून ओळखीतला दुसरा दाता शोधला, हेही आहे. एवढे वाचून झाल्यावर त्या माणसाला विशेषण लावण्याची गरजच उरत नाही.

निवडीची रीत सोपी आहे. वर्षभरात कोणीही कोणाचेही नाव सुचवू शकतो, पण स्वतःचे, आपल्या नवऱ्याचे, बायकोचे किंवा मुलांचे नाव सुचवता येत नाही. आलेल्या नावांवर तीन पिढ्यांतले तिघे विचार करतात. या वर्षी त्या तिघांत मधल्या पिढीची म्हणून मी होते. बरीच नावे मागे पडून शेवटी दोन उरली आणि इथेच आमचे काम अडले.

एक नाव माझ्या आत्याचे होते. ती गेली बावीस वर्षे दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते आहे आणि परीक्षेत त्यांची लेखनिक म्हणूनही बसते आहे. दुसरे नाव धाकट्या काकूचे होते. माझी आजी शेवटची सहा वर्षे अंथरुणाला खिळून होती आणि तिचे सगळे काकूने केले. ‘सगळे केले’ या दोन शब्दांत काय काय येते, ते आमच्या चर्चेत प्रथमच मोकळेपणाने बोलले गेले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, टाचांना, माकडहाडापाशी जखमा होऊ नयेत म्हणून साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि त्याला रात्र अपवाद नसते. काकू गजर लावून उठत असे. आजीच्या अंगाखालची चादर एका बाजूने गुंडाळत नेऊन, तिला कुशीवर घेऊन, पाठीमागे उशी लावून, गुडघ्यांच्या मध्ये दुसरी घडी ठेवून ती पुन्हा झोपत असे. सहा वर्षांत आजीच्या अंगावर एकही जखम झाली नाही. हे वाक्य आजीला पाहायला येणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांना सांगितले होते आणि वडिलांनी ते समितीपुढे सांगितले.

अडचण अशी होती की वहीतला नियम कुटुंबाबाहेरच्या लोकांच्या सेवेपुरता आहे. आजोबांनी तो का घातला असावा हे मला समजते. घरच्यांनी घरच्यांसाठी केलेल्या गोष्टींचे कौतुक सुरू झाले की हिशेब सुरू होतात, कोणी किती केले आणि कोणी केले नाही हे मोजले जाते, आणि गौरवाच्या दिवशीच मने दुखावतात. समितीतल्या मोठ्या काकांचे म्हणणे तेच होते. ते म्हणाले, “आपल्या माणसाचं करणं हे कर्तव्य आहे. त्याचा गौरव केला तर ते उपकार केल्यासारखं होईल.” समितीतला तिसरा सदस्य, माझा भाचा, याच्या अगदी उलट बोलला. त्याचे म्हणणे असे, की ज्याला आपण कर्तव्य म्हणतो ते घरातल्या एकाच व्यक्तीवर येऊन पडते आणि बाकीचे त्याला कर्तव्य म्हणून मोकळे होतात. त्याने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१८ चा अहवाल वाचलेला होता. घरातल्या माणसांची विनावेतन देखभाल आणि घरकाम यांत जगभरात दररोज सुमारे १,६४० कोटी तास जातात आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक वाटा स्त्रियांचा असतो, असा त्यातला अंदाज त्याने सांगितला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझे मत भाच्याच्या बाजूचे होते आणि आजही आहे. परंतु नियम बदलण्याचा अधिकार तिघांचा नाही, सगळ्या कुटुंबाचा आहे. म्हणून आम्ही असे ठरवले की या वर्षीचे निवेदन आत्याचे व्हावे आणि त्याच दिवशी नियमाचा प्रश्न सर्वांपुढे ठेवावा. काकूला हे आधी सांगणे आवश्यक होते, कारण तिच्या नावावर तिच्या माघारी वाद व्हावा हे कोणालाच नको होते. ती म्हणाली, “माझ्यासाठी नियम बदलू नका. पुढे कोणाला उपयोग होणार असेल तर बदला.” 

आत्याच्या कामाची माहिती गोळा करताना पहिली पायरी अर्थातच तिची परवानगी होती. तिने ती चटकन दिली नाही. “वाचून दाखवलं, त्यात काय सांगायचं?” असे ती म्हणत राहिली. शेवटी मी तिला म्हटले, “आत्या, तुझं कौतुक लिहायचं नाहीये. वाचून दाखवायचं काम कसं करतात ते लिहायचं आहे. ते तुझ्याखेरीज कोण सांगेल?” मग मात्र ती मनापासून बोलू लागली. मला वाटते, सेवा करणाऱ्या बहुतेक माणसांना स्वतःविषयी बोलायला संकोच वाटतो, पण कामाविषयी विचारले तर ती भरभरून सांगतात. हे काम करू पाहणाऱ्या कोणालाही मी एवढे नक्की सांगेन, की प्रश्न माणसाविषयी नको, कामाविषयी विचारावेत.

ज्यांच्यासाठी तिने वाचले त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा त्याहून नाजूक भाग होता. आत्याकडे त्यांतल्या अनेकांचे क्रमांक होते, पण ते तिच्याकडून घेऊन परस्पर फोन करणे योग्य नव्हते. म्हणून मी एक पत्र लिहिले, त्यात प्रथेविषयी आणि नावे न छापण्याच्या नियमाविषयी स्पष्ट सांगितले, आणि आत्याने ते आपल्या बाजूने पुढे पाठवले. बोलायचे असेल त्याने मला संपर्क करावा, नसेल त्याने उत्तरही देऊ नये, असे त्यात होते. पत्र साध्या मजकुराच्या फाइलमध्ये होते, म्हणजे स्क्रीन रीडर, म्हणजेच पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी संगणकप्रणाली, ते नीट वाचू शकेल. छापील पत्राचे छायाचित्र पाठवले असते तर ते कित्येकांना वाचताच आले नसते. शिवाय ज्यांना ब्रेल अधिक सोयीचे होते त्यांच्यासाठी ब्रेल प्रत हवी होती आणि ती मी स्वतः करायची ठरवले.

ब्रेल पाटीवर लिहिणे म्हणजे काय हे तोपर्यंत मला केवळ ऐकून माहीत होते. लुई ब्रेल यांनी १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची ही लिपी सिद्ध केली. एका चौकटीत सहा टिंबांच्या जागा असतात आणि त्यांच्यापासून त्रेसष्ट वेगवेगळ्या खुणा होतात. आपल्या भाषांसाठी ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘अ’ म्हणजे पहिले एकच टिंब आणि ‘क’ म्हणजे पहिले व तिसरे. वाचताना हे सोपे वाटते. पाटीवर मात्र कागदाच्या मागच्या बाजूने टोचणीने टिंबे उमटवायची असतात, कागद उलटल्यावर ती उठावाने पुढे येतात, आणि त्यामुळे लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसावे तसे उलटे. डाव्या वरच्या कोपऱ्यातले टिंब लिहिताना उजव्या कोपऱ्यात द्यावे लागते. कागद जाड असतो, टोचणीचा दाब कमी पडला तर टिंब बोटाला लागत नाही आणि जास्त झाला तर कागद फाटतो. आत्या शेजारी बसून माझ्या ओळींवरून बोट फिरवत होती आणि न बोलता एखाद्या चौकटीवर थांबत होती. त्या थांबण्यावरूनच टिंब कुठे राहिले हे मला कळत होते. ती स्वतः डोळस असूनही हे शिकली, कारण ज्यांच्यासाठी वाचायचे त्यांना पुस्तक हातात कसे लागते हे तिला जाणून घ्यायचे होते. ही माहिती तिने सांगितली नव्हती. पाटी तिच्या कपाटातून निघाली म्हणून मला कळली.

उत्तरे आली. काहींनी फोनवर सांगितले, काहींनी ध्वनिमुद्रित निरोप पाठवले. प्रत्येकाला मी एकच विनंती केली होती, की आत्या कशी आहे ते सांगू नका, तिने काय केले आणि ते कसे केले ते सांगा. त्यामुळे मिळालेला मजकूर फार समृद्ध होता. गणित शिकलेल्या एका गृहस्थांनी भूमितीची आकृती आत्या कशी वाचत असे ते सविस्तर सांगितले. आधी पृष्ठक्रमांक, मग आकृतीचा क्रमांक, मग आकृती साधारण कोणत्या आकाराची आहे ते एका वाक्यात, मग शिरोबिंदूंची नावे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, मग कोणता रेषाखंड कोणाला समांतर आहे आणि कोणता कोन काटकोन आहे, आणि शेवटी आकृतीत लिहिलेली मापे. “सगळ्या आकृत्यांना तोच क्रम असल्यामुळे मला आकृती मनात काढता यायची,” असे ते म्हणाले. इतिहास शिकलेल्या एका बाईंनी सांगितले की परकीय नावे आली की आत्या ती आधी उच्चारून मग अक्षरे सुटी करून सांगत असे, कारण ऐकलेले नाव परीक्षेत लिहून घ्यायचे तर त्याचे लेखन माहीत असावे लागते. तळटीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे ती दर वेळी सांगत असे, त्यामुळे मूळ मजकूर आणि टीप यांची सरमिसळ होत नसे.

एका तरुणाने सांगितलेला प्रसंग मी निवेदनात जसाच्या तसा घेतला. परीक्षेत आत्या त्याची लेखनिक होती. एका प्रश्नाचे उत्तर तो सांगत असताना ते चुकीचे आहे हे तिच्या लक्षात आले, कारण ते पुस्तक तिनेच त्याला वाचून दाखवले होते. तिने जे सांगितले गेले तेच लिहिले, आवाजात फरक पडू दिला नाही, लिहिण्याचा वेगही बदलला नाही. त्याला हे निकालानंतर, त्याने स्वतः विचारले तेव्हा कळले. तो म्हणाला, “त्यांनी सुचवलं असतं तर ते गुण त्यांचे झाले असते. जे मिळाले ते माझे होते.” लेखनिकाने विद्यार्थ्याचा हात व्हायचे असते, डोके व्हायचे नसते, हा या कामाचा मूळ नियम आहे. आपल्याला जिव्हाळा असलेल्या मुलाच्या बाबतीत तो पाळणे किती अवघड असेल याचा मी पुष्कळ विचार केला.

आमच्या वहीचा आणखी एक अलिखित संकेत असा, की उणिवा सांगितल्या गेल्या तर त्या गाळायच्या नाहीत. अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांविषयी दोघांनी तक्रार केली. आत्या त्या वेळी फार भावपूर्ण वाचत असे. कथेला ते शोभले असते, पण अर्थशास्त्राच्या पुस्तकात तिचा चढउतार अडथळा ठरत होता आणि वेग वाढवून ऐकताना शब्द तुटत होते. त्यांनी ते तिला सांगितले. तिने आधीची प्रकरणे पुन्हा एकसारख्या आवाजात वाचून दिली. मला ही तक्रार निवेदनातल्या कोणत्याही प्रशंसेपेक्षा मोलाची वाटते, कारण जिच्याकडे तक्रार करता येते अशी मदत करणारी व्यक्ती फार थोड्यांना मिळते.

यानंतर पडताळणी. आत्याने वाचलेल्या पुस्तकांची यादी तिच्या आठवणीत होती त्याहून बरीच मोठी निघाली, कारण तिने ठेवलेल्या टिपणवहीत तारीख, पुस्तक, प्रकरण आणि अडलेले शब्द यांच्या नोंदी होत्या. त्या नोंदींवरून मला आणखी एक गोष्ट समजली. पूर्वीच्या काही वर्षांत कितीतरी पुस्तकांपुढे ‘परवानगीची वाट’ असा शेरा होता. अनेक देशांत, पुस्तक दृष्टिहीनांना वाचता येईल अशा रूपात आणायचे तर हक्कधारकाची परवानगी लागत असे आणि ती मिळेपर्यंत विद्यार्थ्याचे वर्ष उलटून जाई. ही अडचण दूर करण्यासाठी २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आला. जे देश त्यात सामील आहेत तिथे अधिकृत संस्थांना अशी प्रत परवानगीवाचून करता येते आणि एका देशातली प्रत दुसऱ्या देशात पाठवताही येते. आत्याच्या टिपणवहीतला तो शेरा पुढच्या पानांवर दिसेनासा होतो. आपल्या घरातल्या एका व्यक्तीच्या कामावर एवढ्या दूरच्या निर्णयाचा परिणाम असा उमटलेला पाहणे हा माझ्यासाठी या साऱ्या खटाटोपातला अतिशय समाधानाचा क्षण होता.

मसुदा तयार झाल्यावर मी तो आत्याला वाचून दाखवला. तिने तीन बदल सांगितले. पहिला, मध्ये एक काळ असा होता की मुलाच्या आजारपणामुळे तिने हे काम पूर्ण थांबवले होते. तो काळ स्पष्ट लिहावा, बावीस वर्षे अखंड केले असे भासू देऊ नये. दुसरा, ध्वनिमुद्रण चालू असताना घरात आवाज होऊ नये म्हणून तिच्या यजमानांनी आणि मुलांनी वर्षानुवर्षे किती सांभाळून वागले ते यावे. पंखा बंद, दारे लावलेली, फोन दुसऱ्या खोलीत, आणि हे सगळे उकाड्याच्या दिवसांतही. तिसरा बदल तिने थोडे थांबून सांगितला. निवृत्तीनंतर दिवस खायला उठला होता, तेव्हा या वाचनाने तिला सावरले, हे लिहावे असे ती म्हणाली. “मी दिलं तेवढंच लिहिलंस तर अर्धंच लिहिलंस. मिळालेलंही लिही.” तिन्ही बदल मी केले. तिसऱ्याने निवेदनाचा तोल सुधारला, कारण त्यामुळे तिचे विद्यार्थी केवळ मदत घेणारे उरले नाहीत.

गौरवाच्या दिवशीचा कार्यक्रम आटोपशीर असतो. ज्याचा गौरव आहे तो सगळ्यांमध्येच बसतो, त्याला वेगळे आसन नसते. निवेदन घरातल्या अशा मुलाने किंवा मुलीने वाचायचे असते, जिला नुकतेच सलग वाचता येऊ लागले आहे. त्यामुळे वाचन अडखळत होते, पण सगळे कान देऊन ऐकतात आणि मूलही ती हकिगत आयुष्यभर विसरत नाही. या वर्षी माझ्या धाकट्या पुतणीने वाचले. भूमितीची आकृती वाचण्याचा क्रम आला तेव्हा तिने हवेत बोटाने त्रिकोण काढून पाहिला. गणिताचे ते गृहस्थ स्वतः आले होते. त्यांनी नंतर ब्रेल प्रत हातात घेऊन तोच परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला, आणि माझ्या एका ओळीत एक टिंब कमी आहे हेही सांगितले.

त्यानंतर नियमाचा प्रश्न आला. मला वाटले होते त्याहून चर्चा लांबली आणि ती सगळी गोड नव्हती. आमच्यापैकी काहींना वाटत होते की काकूच्या नावाने आजीच्या आजारपणात कोण कमी पडले याची उजळणी होईल. माझ्या वडिलांनी स्वतःच उभे राहून सांगितले की ते कमी पडले होते आणि ते वहीत लिहिले गेले तरी त्यांची हरकत नाही. त्यानंतर वातावरण निवळले. मोठ्या काकांनी एक अट सुचवली आणि ती सर्वांना पटली: घरातल्या देखभालीची नोंद करताना दुसऱ्या कोणाशीही तुलना करायची नाही, आणि ज्या व्यक्तीने देखभाल केली तिच्या विश्रांतीची सोय तेव्हा कोणी, कशी केली किंवा का केली नाही, हे मात्र अवश्य लिहायचे. ही दुसरी अर्धी अट माझ्या भाच्याची होती. कुटुंबाबाहेरच्यांपुरता असलेला नियम त्या दिवशी वहीत एका रेषेने खोडला गेला आणि खाली उपस्थितांच्या सह्या झाल्या.

पुढच्या निवेदनाचे काम भाच्याने घेतले आहे. ज्यांची सेवा झाली त्या आजी आता नाहीत, म्हणून त्यांचे शब्द मिळणार नाहीत. तेव्हा कोणाला विचारायचे याची यादी आम्ही दोघांनी बसून केली: नेहमी येणारे डॉक्टर, शेवटच्या काही महिन्यांत रात्रीला येणाऱ्या परिचारिका, आणि स्वतः काकू. काकूकडे औषधांच्या वेळांची एक वही आहे. तिच्यात प्रत्येक रात्रीच्या पुढे कूस बदलल्याच्या वेळा लिहिलेल्या आहेत, डावी की उजवी हेही. ती वही भाच्याला द्यायला काकू तयार झाली आहे, फक्त आजीच्या तब्येतीविषयीच्या काही खाजगी नोंदी आधी ती स्वतः वाचून झाकणार आहे.